शेवळं संपल्यावर शेवळांचा लेख! पावसाळ्यातल्या लिखाणाची आखणी कशी करावी?

रानवाट_बदलापूर
१९ एप्रिल २०२६

नमस्कार मंडळी. मी बदलापूरला राहते, कल्याणच्या एका पतसंस्थेत नोकरी करते, आणि २०२१ पासून दर बुधवारी रात्री रानभाज्यांवर किंवा त्या त्या मोसमातल्या खाण्यावर एक लेख लिहून टाकते. वाचणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते लेख वाचून पिशवी घेऊन बाजारात जातात. त्यामुळे लेख वेळेवर यावा आणि त्यातला शब्दन् शब्द बरोबर असावा, याची मला मनापासून काळजी असते. गेल्या पावसाळ्यात या दोन्ही बाबतींत मी चुकले.

आधी शेवळांचं सांगते, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या त्या रानभाजीचं. २०२४ मध्ये शेवळांवरचा लेख मी १९ जूनला टाकला होता आणि तो नेमका वेळेवर पडला. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशींकडे तेव्हा शेवळांच्या जुड्या होत्या, सोबत काकडंही (शेवळांची खाज जावी म्हणून भाजीत घालतात ती आंबट फळं) होती. म्हणून २०२५ साठी मी कॅलेंडरवर १८ जूनच्या बुधवारी 'शेवळं' असं लिहून ठेवलं आणि निर्धास्त झाले. मे संपता संपताच मावशींकडे शेवळं दिसली. मी घेतली, केली, खाल्ली, फोटो काढले, पण लेखाचा दिवस लांब आहे म्हणून लिहायला बसले नाही. १८ जूनला लेख टाकला, आणि त्या शनिवारी एका वाचक बाईंचा निरोप आला, 'दोन बाजार फिरले, कुठेच नाहीत.' असणार तरी कुठून? तोवर रानात फुलोरा संपून पानाच्या छत्र्या उघडल्या होत्या. त्या बाई डोंबिवलीहून बदलापूरपर्यंत आल्या होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. टाकळ्याच्या लेखात मी चुकून कासविंद्याचा फोटो लावला. मला दोन्ही झाडं नीट ओळखता येतात. टाकळ्याला पानाच्या तीन जोड्या असतात आणि पान टोकाशी गोल असतं. कासविंद्याला जोड्या जास्त आणि पान टोकदार. पण फोनमध्ये एकाच दिवशी काढलेले शंभरेक फोटो होते, नावं कशालाच दिलेली नव्हती, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि बुधवार संपत आला होता. घाईत बोट पडलं ते चुकीच्या फोटोवर. कासविंद्याच्या बिया विषारी असतात. एका जाणकार वाचकांनी तासाभरात कळवलं, मी लगेच लेख खाली घेतला आणि दुसऱ्या दिवशी चूक कबूल करून दुरुस्त लेख टाकला. त्या एका तासात फोटो बघून कोणी काही खुडून आणलं असतं तर? त्यानंतरचे तीन बुधवार मी काहीच टाकलं नाही. धीरच होईना.

आता माझी व्यवस्था कशी आहे तेही सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात मागच्या पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. ('श्रावणाचा पहिला आठवडा, करटोली भरपूर' अशा.) स्वयंपाकघरात भिंतीवरचं कॅलेंडर आहे, त्यावर दुधाच्या हिशेबाशेजारी लेखांचे विषय. फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो. आणि पर्समध्ये चिठ्ठ्या. परवा वीजबिलाच्या मागे लिहिलेलं सापडलं: 'कुड्याची फुलं, उकळून पाणी फेकायचं, दोनदा? ठाकूरवाडीची आजी.' ते प्रश्नचिन्ह मी का घातलं, आजींनी नक्की काय सांगितलं, कुठल्या वर्षी सांगितलं, काही आठवत नाही. ज्यांनी आपलं ज्ञान एवढ्या विश्वासाने माझ्या हाती दिलं, त्यांचं सांगणं मी असं चिठ्ठीवर हरवते आहे.

तीच वही समोर ठेवून यंदाचे जून ते सप्टेंबरचे बुधवार भरायला घेतले आहेत. नोकरी सांभाळून आठवड्याला लिखाणासाठी मला सहा तास मिळतात, त्यातले तीन रविवारी. तुमच्यापैकी जे नेमाने लिहितात ते आधीपासून तयारी कशी करतात? नोंदी कशा ठेवतात?

मृगाची_नोंद
१९ एप्रिल २०२६

ताई, मी कृषी सहायक म्हणून ठाणे जिल्ह्यातच नोकरी केली, आता निवृत्त आहे. महिन्यातून दोनदा शेतीवर लिहितो. तुमचं वाचून आधी एकच सांगावंसं वाटलं: यंदाचे बुधवार त्या वहीवरून भरू नका. निदान श्रावणाचं पान तरी बाजूला ठेवा.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून अधिक मास. त्यामुळे पुढचे सगळे सण मागच्या वर्षीपेक्षा उशिरा येणार. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला, यंदा लागेल १३ ऑगस्टला. म्हणजे तुमच्या 'श्रावणाचा पहिला आठवडा' या नोंदीत एकोणीस दिवसांचा फरक पडला. करटोलीच्या वेलाला अधिक मास कळत नाही हो. त्याला पाऊस कळतो.

आपल्या लिखाणात दोन वेगळी घड्याळं चालतात आणि तुम्ही ती एका वहीत मिसळली आहेत. ऋषिपंचमीची भाजी तिथीवर चालते. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला होते, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला, यंदा १४ सप्टेंबरला. तो लेख तिथीप्रमाणेच हलवायला हवा, कारण लोक ती भाजी त्या दिवशीच करणार. पण शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली, भारंगीची फुलं ही पावसावर येतात. त्यांच्यासाठी शेतकऱ्याचं घड्याळ वापरा, पावसाच्या नक्षत्रांचं. ती सूर्यावर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारखेत दरवर्षी फार तर एखाद्या दिवसाचा फरक. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, मग साधारण दर चौदा दिवसांनी पुनर्वसू (आमच्याकडे म्हणतात तरणा पाऊस), पुष्य (म्हातारा पाऊस), आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त.

मी काय करतो ते सांगतो. जाड पुठ्ठ्याची एक वही. प्रत्येक नक्षत्राला चार पानं. दरवर्षी नवी वही घेत नाही, त्याच पानांवर पुढच्या वर्षीची नोंद खाली लिहितो, वेगळ्या शाईने. आर्द्राचं पान उघडलं की सात वर्षांच्या आर्द्रा एकाखाली एक दिसतात. कुठल्या वर्षी काय लवकर आलं, काय उशिरा, हे वेगळं शोधावं लागत नाही.

पण नुसत्या नक्षत्रावरही विसंबू नका. तुमच्या शेवळांच्या वेळी काय झालं ते बघा. मुंबईत मान्सून २०२३ ला २५ जूनला आला, २०२४ ला ९ जूनला, आणि २०२५ ला २६ मेला, जो आजवरचा सर्वांत लवकर. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! २०२४ चा तुमचा लेख पाऊस आल्यापासून दहाव्या दिवशी पडला, म्हणून साधला. २०२५ चा तेविसाव्या दिवशी. म्हणून प्रत्येक नोंदीच्या पुढे कंसात लिहायचं, 'पावसापासून दिवस इतके'. आणि कॅलेंडरवर शेवळांपुढे तारीख घालायचीच नाही. 'पाऊस अधिक पाच दिवस' असं लिहायचं. लेख मात्र मे महिन्यातच लिहून तयार ठेवायचा, मावशींकडे पहिली जुडी दिसली की त्याच रात्री टाकायचा, मग बुधवार असो की नसो.

गडफोटो_नाशिक
२० एप्रिल २०२६

काकांनी वेळेचं फार नेमकं सांगितलं. मी फोटोंपुरतं बोलतो. किल्ल्यांवर लिहितो, अकरा वर्षं झाली, आणि एकदा हरिहरचा कातळजिना म्हणून भलताच फोटो माझ्याकडूनही गेलाय. पण किल्ला चुकला तर वाचक रागावतो, भाजी चुकली तर आजारी पडतो. त्यामुळे तुमचा नियम माझ्यापेक्षा कडक हवा.

फोटो काढला त्याच संध्याकाळी नाव द्यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वनस्पती, मग जागा. '२०२६-०६-१४ टाकळा बारवी रस्ता' असं. वर्ष आधी घातलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. ज्यांना त्या संध्याकाळी नाव देता येत नाही, ते 'अनोळखी' नावाच्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरमधला फोटो लेखात कधीही जाणार नाही, कितीही सुंदर असला तरी.

आणखी एक सवय मला एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर चालताना लागली. झाडाचा फोटो काढण्याआधी कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं आणि पहिला फोटो त्या कागदाचा काढायचा. मग पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठ जिथे खोडाला लागतो ती जागा, फूल किंवा शेंग असेल तर ती, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक. झाड बदललं की पुन्हा कागद. शंभर फोटोंच्या रांगेत ते कागद कप्प्यांसारखे दिसतात. टाकळा नि कासविंदा शेजारी शेजारी उगवले असले तरी मग मिसळत नाहीत.

अकरा हजार जुन्या फोटोंना मात्र हात लावू नका. मी तीन महिने त्यात घालवले आणि तेवढ्या काळात एक ओळ लिहिली नाही. यंदाच्या पहिल्या पावसापासून सुरुवात करा. जुन्यातला जो फोटो लेखाला लागेल त्याला तेव्हा नाव द्या. आणि सगळ्याची एक प्रत घराबाहेर ठेवा. माझी एक हार्ड डिस्क बहिणीकडे सिन्नरला असते, दर दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला बदलतो.

वाळवण_सातारा
२० एप्रिल २०२६

रानवाट ताई, तीन बुधवार धीर झाला नाही हे वाचून गलबललं. तुम्ही तासाभरात लेख काढलात आणि चूक उघड सांगितलीत. मी तुमची वाचक आहे, तो दुरुस्तीचा लेख मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला होता. टाकळा कसा ओळखायचा ते त्या लेखातून मला पहिल्यांदा नीट कळलं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तुमची मुख्य अडचण मला आखणीची वाटत नाही. साडेअकराला, बुधवार संपत असताना, तुम्ही लेख पुरा करत होतात हीच खरी अडचण आहे. लेखाची बेगमी नव्हती. आपण एप्रिल-मेमध्ये कुरडया, सांडगे, पापड घालून ठेवतो ते कशासाठी? पावसात भाजी मिळाली नाही, पाहुणा आला, घरात कोणी आजारी पडलं, तर डब्यात काहीतरी असावं म्हणून. लिखाणाचंही तसंच करा. मी पाच लेख कायम डब्यात ठेवते. कुठल्याही आठवड्यात चालतील असे: पाटा टाकवून घेण्यावर, काळ्या मसाल्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या कल्हईवर. त्यांना पाऊस लागत नाही की तिथी लागत नाही. २०२४ मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पाच आठवडे मी एक अक्षर लिहिलं नाही, पण दर रविवारी लेख आला. डबा रिकामा झाल्यावर मात्र नवं काही हाती घेण्याआधी तो भरला. हे पथ्य मी पाळतेच.

सहा तासांचा हिशेब असा करता येईल: रविवारचे तीन तास पुढच्या लेखाला, बाकीच्या तीनमधला एक नोंदी उतरवायला, आणि दोन तास नुसते तपासायला. लिहिलेला लेख एक रात्र झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी, शक्यतो सकाळी, वाचायचा. रात्री आपल्याच चुका आपल्याला दिसत नाहीत.

काकांना एक विचारायचं आहे. लेख मे महिन्यातच लिहून ठेवायचा म्हणजे मागच्या वर्षीच्या अनुभवावर लिहिलेला लेख यंदाचा म्हणून टाकायचा का? ते मला बरं वाटत नाही.

मृगाची_नोंद
२० एप्रिल २०२६

वाळवण ताई, योग्य विचारलंत. ओळख, शिजवण्याची रीत, खाज कशी घालवायची, हे वर्षावर्षाला बदलत नाही, ते आधी लिहावं. वरचा एक परिच्छेद मोकळा ठेवावा. यंदा पहिली जुडी कुठे, कोणत्या दिवशी, केवढ्याला मिळाली, ते त्या रात्री ताजं लिहावं. फोटो मागच्या वर्षीचा असेल तर खाली तारीख घालावी. वाचकाला काय जुनं, काय नवं ते दिसलं की झालं.

रानवाट_बदलापूर
१ मे २०२६

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण नुसते आभार मानून जायचं नव्हतं. करून बघायचं होतं.

काका, तुमचा निरोप वाचला त्याच रात्री जुनी वही आणि मागच्या तीन वर्षांची पंचांगं घेऊन बसले. माझ्या एकोणतीस नोंदी तिथीवर होत्या. 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी', 'आषाढी झाल्यावर'. नशिबाने वर्षं लिहिलेली होती, त्यामुळे प्रत्येकीची तारीख काढता आली आणि ती त्या त्या नक्षत्राच्या पानावर गेली. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी पाच वर्षांत दिसली नव्हती. भारंगीच्या फुलांची माझी नोंद एका वर्षी 'श्रावण अर्ध्यावर' अशी होती आणि एका वर्षी 'श्रावणाच्या आधी'. मी समजत होते की भारंगी लहरी आहे. तारखा काढल्या तर दोन्ही नोंदी आश्लेषाच्या पानावर, चार दिवसांच्या अंतराने! मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले, मुलगी बघायला आली.

टाकळा आणि कासविंद्यासाठी गडफोटो दादांचा कागद पुरेसा वाटला नाही, म्हणून एक जास्तीचं ठरवलं आहे. ज्या भाजीसारखं दिसणारं दुसरं झाड आहे, तिच्या लेखात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी, नावासकट द्यायचे. म्हणजे लेख लिहिताना मलाच दोघांची खात्री करून घ्यावी लागेल. तेवढ्यावरही न थांबता असे लेख टाकण्याआधी एका जाणकार व्यक्तीला दाखवायचे. मागच्या वर्षी ज्यांनी चूक कळवली त्यांनाच विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. त्यांना वाचायला तीन दिवस हवेत, म्हणून असा लेख शनिवारीच तयार पाहिजे. माझा बुधवार आपोआप चार दिवस आधी सरकला.

वाळवण ताई, डब्यात सध्या दोन लेख आहेत. एक मोहाच्या फुलांवर, एक आमच्या घरच्या तांदळाच्या फेण्यांवर. पाच व्हायला मे जाईल. तुमचा निरोप वाचून डोळ्यांत पाणी आलं, एवढंच सांगते.

शेवळांचा लेख लिहून तयार आहे, वरचा परिच्छेद मोकळा. कॅलेंडरवर त्याला तारीख नाही. रोहिणीच्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं आहे: '२०२५. पाऊस २६ मे. शेवळं मावशींकडे ३० मे (पावसापासून दिवस ४). लेख १८ जून, उशीर.' त्याखालची ओळ २०२६ साठी कोरी. डोंबिवलीच्या त्या बाईंना कळवून ठेवलं आहे की पहिली जुडी दिसली की लेखाच्या आधी तुम्हाला फोन करीन.

एका गोष्टीचा मार्ग मात्र मीच काढायला हवा होता. वीजबिलामागची ती कुड्याच्या फुलांची चिठ्ठी कुठल्याच पानावर लावता येत नव्हती, कारण वर्ष नाही, दिवस नाही, आणि मधोमध ते प्रश्नचिन्ह. अंदाजाने ते खोडायचं नाही असं ठरवलं. परवा स्टेशनबाहेर मावशींना विचारलं, तर आजी अजून त्याच वाडीत आहेत आणि ठणठणीत आहेत. कुडा आत्ता फुललेला आहे. रविवारी सकाळी मावशींबरोबरच ठाकूरवाडीला जाते आहे, नवी वही आणि दोन पेनं घेऊन. आजी फुलं उकळतील तेव्हा शेजारी बसून लिहून घेणार आहे. त्यांचं नाव लेखात घालायचं की नाही, तेही त्यांनाच विचारणार आहे.